वेबसाइटला कामाला लावा: कोल्हापुरातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी

उद्यमनगरातलं वर्कशॉप असो, महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान असो की एखादी खानावळ, छोट्या धंद्याची वेबसाइट उघडली की बहुतेक वेळा तेच ते दिसतं. वर ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ अशी सरकती पट्टी. तिच्याखाली इंटरनेटवरून उचललेला, टाय घातलेल्या दोन गोऱ्या माणसांच्या हस्तांदोलनाचा फोटो. मग ‘आमचे ध्येय’, ‘आमची दूरदृष्टी’. फोन नंबर पार तळाला, बारीक अक्षरात, आणि त्यावर बोट ठेवलं तरी फोन लागत नाही. मालकाला विचारावं, ‘साइटवरून काय काम येतं का?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काय नाही ओ, आपली एक असावी म्हणून काढलीय.’

असावी म्हणून काढलेली साइट दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मात्र बिनचूक घेते. ज्यांना पहिल्यांदाच साइट काढायची आहे, किंवा काढून पस्तावलेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोडिंग येण्याची गरज नाही. गल्ल्यावर बसून फोन घेणाऱ्या माणसाला आपलं गिऱ्हाईक जेवढं कळतं, तेवढं भांडवल पुरे.

आधी एक वाक्य पुरं करा

कागद घ्या आणि लिहा: ‘साइट बघून अमुक माणसानं तमुक करावं.’ अमुक आणि तमुकच्या जागी खरे शब्द घाला.

चपलांच्या दुकानाचं वाक्य असं होईल: पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकानं पायाचं माप व्हॉट्सॲपवर पाठवावं. शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं: चाकण-भोसरीच्या कंपनीतल्या परचेसवाल्यानं ड्रॉइंग पाठवून दर मागावा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजचं: दर्शनाला येणाऱ्या कुटुंबानं निघण्याआधी खोलीसाठी फोन करावा. क्लासचं, दवाखान्याचं, मंगल कार्यालयाचं वाक्य प्रत्येकाचं वेगळं निघेल.

‘आपलं नाव व्हावं’ किंवा ‘सगळ्यांना माहिती मिळावी’ असं काही लिहिलं गेलं, तर खोडा आणि परत बसा. त्यातला माणूस कोण, हेच कळत नाही, मग त्याच्यासाठी पान कसं लिहिणार? आणि तीन-चार कामं सुचली तर त्यातलं पहिलं कोणतं ते ठरवा. बाकीची साइटवर राहतील, पण मोठं बटण एकाच कामाचं.

हे वाक्य पुरं करताना काही जणांच्या लक्षात येईल की आपल्याला वेबसाइट लागतच नाही. तांबडा-पांढरा मिळणाऱ्या दहा टेबलांच्या खानावळीला लोकांनी शोधत यावं आणि आज चालू आहे का ते त्यांना कळावं, एवढंच हवं असतं. ते काम गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल फुकटात करतं. वेळा, फोटो, रस्ता, फोन सगळं त्यात येतं. अशा माणसाला कुणी मोठ्या रकमेची साइट विकत असेल तर मी तरी ‘थांबा’ म्हणेन. एक मात्र सांगून ठेवतो: त्या प्रोफाइलसोबत गूगल एक फुकट छोटी साइटही द्यायचं, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. पाट्यांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर तो जुना पत्ता छापलेला असेल तर तो आता कुठंच जात नाही.

आठवडाभर फोनजवळ वही ठेवा

साइट बनवणाऱ्याकडे जाण्याआधी हे करा, कारण हे तुमच्यासाठी दुसरं कुणी करू शकत नाही. दुकानात येणारा प्रत्येक फोन, प्रत्येक व्हॉट्सॲप मेसेज, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत वहीत उतरवा. शब्द सुधारू नका. चपलांच्या दुकानातली वही साधारण अशी भरते:

‘आठ नंबर हाय का?’
‘अस्सल चामड्याची आहे ना? रेक्झिन नको.’
‘पुण्याला पाठवता का? कुरिअर किती?’
‘माझा पाय रुंद आहे, बसेल का?’
‘नाही बसली तर बदलून देणार काय?’
‘पावसात चालतील का?’
‘मंदिरापासून किती लांब दुकान तुमचं? गाडी कुठं लावायची?’
‘रविवारी चालू असतंय का?’

यात ‘तुमची दूरदृष्टी काय?’ असं एकानंही विचारलेलं नसतं.

आठवड्यानं वही उघडून सारखे प्रश्न एकत्र करा. जो सर्वांत जास्त वेळा आला, त्याचं उत्तर साइटच्या पहिल्या पानावर. जे अधूनमधून आले, त्यांची उत्तरं आतल्या पानांवर. जे एकदाच आले ते सोडून द्या. साइटचा आराखडा म्हणतात तो एवढाच.

दुकानात बसणारा मुलगा किंवा वहिनी फोन घेत असतील तर वही त्यांच्याच हातात द्या. मालकाला वाटणारे प्रश्न आणि खरे येणारे प्रश्न यात बराच फरक पडतो, हा माझा अनुभव.

पहिला पडदा

मोबाइलवर साइट उघडली की बोट न सरकवता जेवढं दिसतं, तो पहिला पडदा. तिथं चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: तुम्ही काय विकता, कुठं आहात, एक खरा फोटो, आणि पहिल्या वाक्यातल्या कामाचं बटण. बस्स.

फिरणारे फोटो, म्हणजे स्लायडर, घालू नका. दुसरा फोटो यायच्या आत माणूस खाली गेलेला असतो, आणि साइट जड होते ती वेगळीच. सरकती पट्टी तर नकोच नको.

मजकुराला एक कसोटी लावा. ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ हे वाक्य चपलांना लागतं, कास्टिंगला लागतं, दाताच्या दवाखान्यालाही लागतं. जे वाक्य शेजारच्या दुकानाच्या पाटीवर जसंच्या तसं चालेल, ते आपल्या साइटवरून काढून टाका. आता एआयकडून मजकूर लिहून घ्यायची टूम आलीय. घ्या, हरकत नाही, पण त्याला वहीतले प्रश्न आणि तुमची खरी उत्तरं दिल्याशिवाय तो हीच पोकळ वाक्यं तुम्हाला झकास मराठीत देणार.

फोन नंबर चित्रात छापलेला नको. तो मजकूर म्हणून हवा आणि दाबला की थेट डायलवर जायला हवा. साइट बनवणाऱ्याला ‘नंबरला टेल लिंक द्या’ एवढं सांगितलं की त्याला कळतं. व्हॉट्सॲपचंही तसंच. ‘डब्ल्यूए डॉट एमई’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ९१ लावून तुमचा दहा आकडी नंबर लिहिला की चॅट उघडते. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मधली जागा यातलं काही घालायचं नाही, नाहीतर लिंक चालत नाही.

याच लिंकमध्ये आधीच लिहून ठेवलेला मेसेज घालता येतो, आणि ही सोय फार कमी लोक वापरतात. कापशी चपलेच्या (हा कोल्हापुरीचा एक प्रकार) पानावरचं बटण दाबलं की गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये आपोआप यावं: ‘नमस्कार, कापशी चप्पल हवी आहे. माझ्या पायाची लांबी … सेंमी आहे.’ माणसाला फक्त आकडा भरायचा राहतो. नुसतं ‘हाय’ पाठवून गप्प बसणारी गिऱ्हाइकं कमी होतात, आणि मेसेज कोणत्या पानावरून आला हे तुम्हाला न विचारता कळतं.

एक पान नीट लिहून बघू

वरच्या वहीतल्या प्रश्नांवरून चपलेचं एक पान लिहायचं झालं तर असं. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

‘पुरुषांची कापशी चप्पल. तळापासून पट्ट्यापर्यंत संपूर्ण चामडं, हातशिलाई. साईज ६ ते ११. किंमत १,८०० रुपये, महाराष्ट्रात कुरिअरच्या खर्चासह. ऑर्डर दिल्यापासून चार दिवसांत रवाना. साईज बसली नाही तर सात दिवसांत बदलून मिळेल, परत पाठवायचा खर्च तुमचा. नवी चप्पल अंगठ्यात आणि पट्ट्यात थोडी आवळ वाटते, वापरून सैल होते. पावसात वापरू नका; भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा.’

त्याखाली माप घ्यायची रीत: कागद जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभं राहा, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा आणि भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं ते धरा. बुटाचा नंबर विचारू नका, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर थोडा इकडेतिकडे असतो. पाय रुंद असेल तर पंजाच्या सर्वांत रुंद भागाचं मापही मागवा.

फोटो कोणते? एक वरून, एक बाजूनं, एक तळाचा, एक वेणी आणि कान हे चपलेचे भाग जवळून दिसतील असा, आणि एक कुणाच्या तरी पायात घातलेला. तळाचा फोटो विसरू नका. चामड्याचा तळ ओळखणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच बघतं. खिडकीजवळच्या उजेडात, साध्या रंगाच्या चादरीवर ठेवून मोबाइलनं काढलेला फोटो पुरतो. स्टुडिओची गरज नाही.

किमतीवरून आपल्याकडे हमखास अडतं. ‘भाव टाकला की शेजारचा बघतोय’ असं म्हणतात. शेजाऱ्याला तुमचा भाव कळायला वेबसाइट लागत नाही, तो दुकानात पोरगं पाठवून विचारतो. अडतं ते गिऱ्हाइकाचं. किंमत नसलेल्या पानावरून तो निमूट परत जातो, विचारायला थांबत नाही. भाव डिझाइनप्रमाणे बदलत असेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ लिहा, आणि कशामुळं बदलतो तेही.

जीआयबद्दल, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल थोडं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये ते मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्येच मिळालं होतं. म्हणून काही दुकानदार साइटवर जीआयचा शिक्का बिनधास्त चिकटवतात. तसं चालत नाही. मानांकन मालाला असतं. ते वापरायचं तर उत्पादकाला स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ती असेल तर नोंदणीचा उल्लेख ठळक करा. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यावर जो गदारोळ झाला, तेव्हापासून बाहेरची गिऱ्हाइकं याबद्दल आवर्जून विचारतात. नोंदणी नसेल तर शिक्का काढा आणि चप्पल कुठल्या गावात, कुणाच्या हातची आहे ते खरं खरं लिहा. त्याचाही चांगला उपयोग होतो.

कारखान्याची साइट वेगळी

फाउंड्री किंवा मशीन शॉपच्या साइटवर भावनेला जागा नाही. परचेसवाला एका वेळी पाच-सहा पुरवठादारांची पानं उघडून बसलेला असतो आणि त्याला चाळणी लावायची असते. त्याला हवं ते असं: कोणते ग्रेड ओतता, उदाहरणार्थ आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे बिडाचे एफजी २००, एफजी २६०, किंवा आयएस १८६५ प्रमाणे एसजी ४००/१५, ५००/७. एका नगाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन किती. महिन्याची क्षमता किती टन. पॅटर्न तुम्ही करता की त्यानं द्यायचा. मशीनिंग तुमच्याच आवारात की बाहेर. व्हीएमसीच्या (उभ्या मशीनिंग सेंटरच्या) टेबलाचं माप, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब चढतो. तपासणीला काय आहे: धातूतले घटक सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, हार्डनेस टेस्टर, नेमकी मापं घेणारं सीएमएम. कोणती प्रमाणपत्रं आहेत आणि ती कधीपर्यंत चालू आहेत.

हे सगळं एका तक्त्यात बसतं. तक्ता मजकूर म्हणूनच टाका, फोटो काढून नको, कारण परचेसवाला गूगलमध्ये ग्रेडचं नाव टाइप करून शोधतो आणि चित्रातली अक्षरं सापडतीलच असं नाही. फोटो तुमच्याच भट्टीचे, तुमच्याच जॉबचे. दुसऱ्या कंपनीचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर फोटोत दिसत नाही ना, हे मात्र दोनदा बघा. गिऱ्हाइकाशी गुप्ततेचा करार असेल तर महागात पडेल.

दर मागायचा फॉर्म छोटा ठेवा: नाव, कंपनी, फोन, ड्रॉइंग जोडायची जागा, वर्षाला किती नग. ‘आपला अभिप्राय’, ‘आम्हाला कसे ओळखता’ वगैरे रकाने काढा. फॉर्म भरल्यावर तो मेल नेमका कुणाच्या फोनवर जातो, हे स्वतः भरून बघा. कित्येक साइटवरचे फॉर्म अशा मेलवर जात असतात, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. आणि मशीन शॉपची साइट इंग्रजीत हवी. इथं मराठीचा आग्रह धरू नका, वाचणारा वेगळा आहे.

डोमेन तुमच्या नावावर

साइटचा पत्ता म्हणजे डोमेन. ते कुणाच्या नावावर आहे, हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा कागद. आपल्याकडे साइट बनवणारा ओळखीतला असतो, ‘मी बघतो सगळं’ म्हणतो आणि डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतो. पुढं तो नोकरीला बंगळुरूला जातो, फोन उचलत नाही, आणि दुकानाचा पत्ता त्याच्या खात्यात अडकून पडतो. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, पण अडचण तुमची होते.

म्हणून डोमेन स्वतःच्या खात्यातून घ्या. मेल तुमचा, ओटीपीचा मोबाइल नंबर तुमचा, बिल तुमच्या फर्मच्या नावावर. बनवणाऱ्याला तांत्रिक कामापुरती परवानगी देता येते. पहिल्या वर्षाची किंमत स्वस्त दाखवतात, दुसऱ्या वर्षापासूनची आधी विचारून घ्या. मुदत संपण्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोन आठवडे आधीची टाका. डॉट कॉमची मुदत उलटून नाव काढून टाकलं गेलं, तरी परत मिळवायला ३० दिवस असतात, पण तेव्हा नूतनीकरणाच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. ते दिवसही गेले की नाव कुणीही घेऊ शकतं.

डॉट इन की डॉट कॉम? मिळेल ते, फोनवर सांगता येईल असं लहान नाव. मध्ये आडव्या रेघा, आकडे नकोत. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेनही मिळतं. हौसेनं घ्यायचं तर घ्या, पण पाटीवर रोमन लिपीतलाच पत्ता छापा, कारण देवनागरी पत्त्यावरचे मेल सगळीकडे पोहोचतीलच असं नाही.

साइटला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, हवंच; क्रोममध्ये २०२३ पर्यंत ती कुलपाच्या चिन्हानं दिसायची. जुलै २०१८ पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असं लिहून दाखवतो. त्याचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला जागा देणारे, ते आपोआप लावतात. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर का, ते विचारा.

मराठी नीट टाइप झालीय का

पत्रकं, कार्डं, लग्नपत्रिका छापणारे आपले डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करत आलेत. त्या फाइलमधला मजकूर उचलून साइटवर डकवला की तिथं अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणून काही बनवणारे त्याचं चित्र करून टाकतात. दिसायला बरं, पण गूगलच्या शोधात आणि डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांच्या वाचक-सॉफ्टवेअरमध्ये ते आलंच नाही म्हणून समजा. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांतच हवा. तपासायची सोपी रीत: साइटवरचं वाक्य दाबून धरा, कॉपी करा, व्हॉट्सॲपमध्ये डकवा. तिथं नीट मराठी उमटली तर ठीक.

गिऱ्हाईक शोधताना काय टाइप करतं? कुणी देवनागरीत, कुणी इंग्रजीत, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी. स्थानिक गिऱ्हाइकावर धंदा असेल तर पान मराठीत लिहा आणि मालाची नावं रोमन लिपीतही एकदा येऊ द्या. बाहेरचं गिऱ्हाईक असेल तर इंग्रजीचं स्वतंत्र पान करा. यंत्रानं आपोआप भाषांतर करणारं बटण नको. त्यात ‘अंगठा’ आणि ‘कान’ या चपलेच्या भागांचं काय होतं ते एकदा बघाच.

वेग

मोबाइलनं काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे वीस फोटो टाकले की राधानगरीच्या वाटेवर, एक दांडी नेटवर्कवर, साइट उघडायच्या आत माणूस मागं फिरतो. फोटो दोनशे केबीच्या आत आणा. गूगलचंच ‘स्क्वूश’ नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं. मग ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, असा गूगलचा निकष आहे. गूगल आता साइटचं मोबाइलवरचंच रूप तपासून नोंदवतं, त्यामुळं बनवणाऱ्याच्या मोठ्या स्क्रीनवर साइट कशी देखणी दिसते ते बघून मान डोलावू नका. स्वतःचा फोन काढा, वायफाय बंद करा, आणि मग बघा.

गूगल प्रोफाइल आणि पत्ता

साइट असली तरी प्रोफाइल हवंच; नकाशावरून येणारं गिऱ्हाईक तिथूनच येतं. पडताळणीसाठी गूगल बहुधा दुकानाचा व्हिडिओ मागतं: बाहेरचा रस्ता, पाटी, आत येऊन गल्ला, माल. एका दमात काढा. नाव पाटीवर आहे तेच द्या. ‘कोल्हापुरातील नंबर एक चप्पल दुकान’ असलं काही नावात घुसडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. साइटवरचा, प्रोफाइलवरचा आणि बिलावरचा नाव-पत्ता-फोन अक्षरशः एकच असू द्या.

पत्ता मात्र पिनकोडवर सोडून देऊ नका. बाहेरगावच्या माणसाला कोल्हापुरी पद्धतीनंच सांगा: ‘पापाच्या तिकटीकडून बिनखांबी गणेश मंदिराकडे येताना डाव्या हाताला, अमुक मिठाईवाल्याच्या शेजारी. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावा आणि चालत या.’ नवरात्रात गाडी कुठपर्यंत येते, त्या दिवसांत दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे प्रोफाइलमधल्या ‘विशेष वेळा’ या सोयीत आधीच भरा.

परीक्षणं मागायला लाजू नका. बिलावर क्यूआर छापा आणि गिऱ्हाईक खूश दिसलं की सांगा. त्याबदल्यात सूट किंवा भेट द्यायची नाही, गूगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट परीक्षण आलं तर रात्रभर थांबून सकाळी दोन ओळींत सभ्यपणे उत्तर द्या. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची शंभर माणसं वाचणार असतात.

ऑनलाइन पैसे कधी घ्यायचे

सुरुवातीला कार्ट (साइटवरची खरेदीची टोपली), पेमेंट गेटवे (साइटवर पैसे भरून घेणारी सोय) काही नको. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयवर पैसे, कुरिअर किंवा स्पीड पोस्टनं पार्सल. हे हातानं करून बघितल्यावर कुठं गोंधळ होतो ते कळतं: साईजमध्ये, पत्त्यात की पॅकिंगमध्ये. ऑर्डरी इतक्या वाढल्या की मेसेजना उत्तर देणं होईना, तेव्हा कार्ट लावा. गेटवेवाले कार्डाच्या व्यवहारावर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, ते किमतीत धरा.

साइटवरून थेट विक्री सुरू केली की २०२० चे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम लागतात. फर्मचं कायदेशीर नाव, पत्ता, परतावा आणि बदलीच्या अटी, तक्रार निवारणासाठी माणसाचं नाव व संपर्क, हे सगळं साइटवर हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. कांदा-लसूण मसाला, गूळ, चटण्या विकत असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी नंबर बिलावर लागतोच, तो साइटवरही टाका. आणि राज्याबाहेर माल पाठवायचा विचार असेल तर आधी तुमच्या सीएला विचारा. जीएसटी नोंदणीची जी उलाढालीची मर्यादा तुम्हाला माहीत आहे, ती परराज्यातल्या विक्रीला तशीच लागू होईल असं धरून चालू नका.

काम होतंय का ते मोजा

साइटला किती ‘व्हिजिटर’ आले हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्यात तुमचे भाऊबंद असतात, बनवणारा असतो, कुठली कुठली यंत्रं असतात. मोजायचं ते पहिल्या वाक्यातलं काम: किती जणांनी माप पाठवलं, किती ड्रॉइंग आली, खोलीसाठी किती फोन आले. तीच वही परत काढा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘नंबर कुठं मिळाला?’ एवढं विचारा आणि नावापुढे ग, स, म किंवा प लिहा: गूगल, साइट, मित्र, पाटी.

त्याच्या जोडीला गूगलचं फुकट ‘सर्च कन्सोल’ लावून घ्या. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. तिथं वहीत नसलेला एखादा प्रश्न वारंवार दिसू लागला, समजा ‘लहान मुलांची कोल्हापुरी’, तर त्याचं पान नाही हे लक्षात येतं. माल असेल तर पान करा. नसेल तर माल करायचा का, हा विचार करा. तीन महिन्यांत वहीत ‘स’ दिसलाच नाही, तर बटण, पहिला पडदा, किंमत या क्रमानं तपासा. नव्या डिझाइनवर लगेच खर्च करू नका.

महिन्यातून एकदा

महिन्याच्या एका ठरल्या दिवशी, गिऱ्हाईक कमी असेल अशा वेळी, स्वतःच्याच साइटवर गिऱ्हाईक बनून जा. फोनचं बटण दाबा, व्हॉट्सॲप उघडतंय का बघा, फॉर्म भरा, बदललेले भाव दुरुस्त करा, संपलेला माल काढा. साइटची एक प्रत होस्टिंगवर आणि एक स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या. पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

साइटच्या वर एक ओळ बदलायची सोय बनवणाऱ्याकडून मागून घ्या आणि ती मोबाइलवरून कशी बदलायची ते त्याच्यासमोर करून बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी आलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा ज्यांच्या ऑर्डरी वाटेत होत्या त्यांना दिवसभर एकेका गिऱ्हाइकाला तेच सांगावं लागलं. ‘पुरामुळं पार्सल पाठवणं थांबवलंय, रस्ता सुरू झाला की आधी घेतलेल्या ऑर्डरी आधी निघतील’ ही ओळ आत्ताच लिहून मोबाइलमध्ये ठेवा, जून लागायच्या आत.